सॅनवरून (स्टोरेज नेटवर्क) बूट होणारा एलपार (सर्व्हरचा स्वतंत्र विभाग) एए०६००११ कोडवर अडकलाय, एसएमएसमध्ये (फर्मवेअरचा बूट मेनू) एकही डिस्क दिसत नाही

गणेशखिंड_ॲडमिन

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्याचा सेटअप आहे. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत इलेक्ट्रिकलच्या कामासाठी अख्खी फ्रेम (सर्व्हर) बंद केली होती. आयबीएम पॉवर९, एस९२४, दोन व्हीआयओएस (बाकीच्या एलपारना आय/ओ पुरवणारे एलपार), सगळे एलपार एनपीआयव्हीवर (एकच एफसी, म्हणजे फायबर चॅनल पोर्ट अनेक एलपारनी वाटून घेणं). फ्रेम चालू केल्यावर बाकीचे एलपार उठले. डेटाबेसचा एलपार (आयबीएमचं युनिक्स, एआयएक्स ७.२) मात्र एए०६००११ दाखवून पुन्हापुन्हा तिथेच येतो.

एसएमएसमध्ये सगळी डिव्हाइस दाखवायला सांगितली तर यादी रिकामी. दोन्ही व्हीआयओएसवर याचे व्हीएफसीहोस्ट (व्हर्च्युअल एफसी अडॅप्टरची सर्व्हर बाजू) ‘नॉट लॉग्ड इन’. स्टोरेजवाले म्हणतात लन (स्टोरेजवरची डिस्क) मॅप आहे, आम्ही कशाला हात लावलेला नाही. त्याच एफसी पोर्टवरचे इतर एलपार चालू आहेत, म्हणजे केबल आणि एसएफपीवर (पोर्टमधला ट्रान्सीव्हर) संशय नाही. लोकल डिस्क नाही. एमकेसिसबीवरून (ओएसचा बॅकअप) रिस्टोर करा असं वरून सांगणं आहे. शुक्रवारच्या पहिल्या पाळीआधी सिस्टिम हवी. त्याआधी काय तपासू?

फॅब्रिक_बी

रिस्टोर थांबवा. एए०६००११ म्हणजे ओएसची इमेज सापडली नाही आणि शिवाय बूटलिस्टमधली निदान एक डिस्क फर्मवेअरला दिसलीच नाही. डिस्कच दिसत नाही तर रिस्टोर कशावर करणार? आतला डेटा बिघडल्याचा हा पुरावा नाही.

‘नॉट लॉग्ड इन’वरून लगेच निष्कर्ष काढू नका. एलपार बंद असेल किंवा एसएमएसच्या पहिल्या पानावर नुसता उभा असेल तर ते तसंच दिसतं. क्लायंट अडॅप्टर उघडला जाईपर्यंत फॅब्रिकमध्ये (एफसी स्विचचं जाळं) लॉगिन होत नाही. एसएमएसमध्ये ५ नंबरच्या बूट ऑप्शन्समध्ये जा, तिथे ‘सॅन झोनिंग सपोर्ट’ आहे, त्यातून लॉगिन करायला लावा. किंवा एलपार बंद ठेवून एचएमसीवरून (सर्व्हर सांभाळणारा कन्सोल) सीएच-एनपोर्ट-लॉगिन चालवा. मग व्हीआयओएसवर एलएसमॅप -ऑल -एनपीआयव्ही बघा.

लॉगिन झालं तर व्हीआयओएसपर्यंतची बाजू ठीक, पुढचा दोष झोनमध्ये (कोण कुणाला दिसेल हे ठरवणारी स्विचवरची नोंद) किंवा लन मॅपिंगमध्ये. झालं नाही तर व्हीएफसीमॅप कुठल्या एफसीएसला (व्हीआयओएसचा खरा एफसी पोर्ट) आहे ते पाहा आणि एलएसएनपोर्ट्समध्ये त्या पोर्टचा ‘फॅब्रिक’ रकाना १ आहे ना ते बघा. ० असेल तर स्विचच्या पोर्टवर एनपीआयव्ही बंद आहे किंवा लिंकच नाही. तुमचे इतर एलपार त्याच पोर्टवर चालतायत, त्यामुळे इथे १ च असणार.

पाषाण_युनिक्स

वरचं सगळं बरोबर, पण मी सुरुवात दुसरीकडून करेन. बाकीचे उठले, एकच अडकला आणि तोही अख्खी फ्रेम बंद-चालू केल्यावर, तर आधी प्रोफाइल (एचएमसीवर साठवलेलं एलपारचं कॉन्फिगरेशन) बघायचं.

व्हर्च्युअल एफसी अडॅप्टर चालू एलपारला डीएलपारने (एलपार बंद न करता केलेला बदल) जोडलेला असेल आणि चालू कॉन्फिगरेशन प्रोफाइलमध्ये सेव्ह केलं नसेल तर प्रोफाइलला त्याचा पत्ताच नसतो. पुढे कुणीतरी प्रोफाइल उघडून तोच स्लॉट हाताने बनवतो. एचएमसी त्या वेळी डब्ल्यूडब्ल्यूपीएनची (एफसी पोर्टचा पत्ता) नवी कोरी जोडी देते, जुनी परत देत नाही. एलपार चालू आहे तोवर काही कळत नाही. प्रोफाइल निवडून ॲक्टिव्हेट केलं की नवी जोडी लागते, आणि झोन व स्टोरेज दोन्हीकडे मात्र जुनी. म्हणून तुमचे स्टोरेजवालेही खरंच बोलतायत.

एचएमसीवर प्रोफाइलमधल्या जोड्या काढा आणि स्टोरेजवरच्या होस्ट डेफिनिशनमधल्या जोड्यांशी एकेक अक्षर ताडून बघा. सगळ्यांची सुरुवात सी०५०७६ अशीच असते, त्यामुळे नजर चुकते. शेवटचे चार अंक आधी वाचा.

हाच घोळ सर्व्हर बाजूलाही होतो. फ्रेम बंद झाली म्हणजे व्हीआयओएससुद्धा प्रोफाइलवरून उठलेला असू शकतो, आणि त्याच्या प्रोफाइलमध्ये अडॅप्टर नसेल तर व्हीएफसीहोस्टच गायब होतो. तुमच्याकडे व्हीएफसीहोस्ट दिसतायत, म्हणून ती शक्यता मागे टाका.

गणेशखिंड_ॲडमिन

नेमकं हेच निघालं. चारपैकी दोन अडॅप्टरच्या जोड्या स्टोरेजवर आहेत त्याच आहेत, दुसऱ्या व्हीआयओएसच्या दोन्ही वेगळ्या. पण मग पहिल्या व्हीआयओएसमधून तरी डिस्क दिसायला हवी होती ना? आणि आता झोन बदलू की प्रोफाइल?

फॅब्रिक_बी

पहिल्या व्हीआयओएसच्या जोड्या बरोबर असूनही दिसत नसेल तर स्लॉट नंबर तपासा. क्लायंटच्या प्रोफाइलमध्ये समोरचा स्लॉट २० लिहिलाय आणि व्हीआयओएसवर तो २१ असेल तर दोघं एकमेकांना भेटणारच नाहीत. सीएच-एनपोर्ट-लॉगिन तिथेच एरर देईल.

पाषाण_युनिक्स

प्रोफाइल बदला. झोन बदलायचा तर दोन्ही फॅब्रिकवर नवे एलियास, झोनसेट ॲक्टिव्हेशन आणि स्टोरेजवरही होस्टमध्ये बदल, म्हणजे तीन माणसं आणि तीन मंजुऱ्या. जुनी जोडी प्रोफाइलमध्ये परत घालणं एका कमांडचं काम आहे.

डब्ल्यूडब्ल्यूपीएन लिहायला एचएमसीच्या कमांड लाइनवरून सीएच-सिस-सीएफजी वापरा. प्रत्येक अडॅप्टरचा क्रम असा: क्लायंट स्लॉट / क्लायंट / व्हीआयओएसचा आयडी / व्हीआयओएसचं नाव / समोरचा स्लॉट / जोडी स्वल्पविरामाने / आवश्यक आहे का (० किंवा १). जोडीत स्वल्पविराम असल्यामुळे अवतरण चिन्हं एकात एक घालावी लागतात आणि बहुतेक एरर तिथूनच येतात. चारही अडॅप्टर एकाच वेळी लिहा. दोनच लिहिलेत तर उरलेले दोन प्रोफाइलमधून उडतात. आधी बीके-प्रोफ-डेटाने प्रोफाइलचा बॅकअप घ्या.

मग एलपार पूर्ण बंद करून त्याच प्रोफाइलने ॲक्टिव्हेट करा. आतून रीस्टार्ट केल्यास प्रोफाइल वाचलंच जात नाही.

जोडीतला दुसरा डब्ल्यूडब्ल्यूपीएन एरवी ऑफलाइन दिसतो, तो लाइव्ह पार्टिशन मोबिलिटीसाठी (चालू एलपार दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं) असतो. ‘अर्धे पोर्ट मेलेत’ असा मेल स्टोरेजकडून येईल, घाबरू नका. पण झोनमध्ये दोन्ही हवेतच.

गणेशखिंड_ॲडमिन

स्लॉट खरोखरच चुकीचा होता, तोही दुरुस्त केला. आता एसएमएसमध्ये रूटव्हीजीची (ओएस असलेला डिस्कगट) डिस्क चार पाथवरून दिसते, बूट सुरू होतो आणि ०५५४ कोडवर थांबतो. मेंटेनन्स मोडमधून एफएससीके (फाइल सिस्टिमची तपासणी) आणि लॉगफॉर्म (तिचा लॉग नव्याने फॉर्मॅट करणं) करू का?

पाषाण_युनिक्स

अजून नाही! ०५५४ ला फाइल सिस्टिम किंवा तिचा लॉग बिघडणं हे एक कारण आहे, पण सॅन बूटमध्ये आधी रिझर्व्ह (डिस्कवर एखाद्या होस्टने ठेवलेला ताबा) बघायचा. फर्मवेअरने डिस्क वाचली आणि एआयएक्सला ती उघडता आली नाही, असंही होतं. हा लन क्लोन, बॅकअप किंवा टेस्टसाठी दुसऱ्या कुठल्या होस्टला मॅप आहे का, ते स्टोरेजवाल्यांना आत्ताच विचारा. असेल तर आधी ते मॅपिंग काढायला सांगा. दुसरा होस्ट डिस्कवर लिहीत असताना तुम्ही लॉग फॉर्मॅट केलात तर आत्ता शाबूत असलेला डेटा खरोखर जाईल.

मग एनआयएमवरून (नेटवर्कवरून बूट करून देणारा सर्व्हर) मेंटेनन्स मोडमध्ये जा आणि रूटव्हीजी न उघडता शेल घ्या. डेव्हआरएसआरव्हीने डिस्कची रिझर्व्हेशनची स्थिती विचारा. रिझर्व्ह दुसऱ्याचा निघाला तर त्याच कमांडच्या रिलीजने सोडवा किंवा स्टोरेजवरून क्लिअर करून घ्या. रिझर्व्ह नसेल तरच फाइल सिस्टिम माउंट न करता एफएससीके, आणि तो लॉगबद्दल तक्रार करेल तरच लॉगफॉर्म.

गणेशखिंड_ॲडमिन

टेस्टच्या एलपारला लन मॅप होता आणि रिझर्व्ह त्याचाच होता. मॅपिंग काढून रिझर्व्ह सोडवला, एलपार वर आला. एफएससीकेची गरज पडली नाही. डेटाबेसवाले तपासतायत.

फॅब्रिक_बी

उत्तम. हे आजच करून टाका. बूटलिस्ट -एम नॉर्मल -ओ चालवून दोन्ही व्हीआयओएसचे पाथ त्यात आहेत का बघा. बूटलिस्टमध्ये एकाच व्हीआयओएसचे पाथ असतील तर त्याच्या पुढच्या अपडेटच्या वेळी एलपार रीबूट झाला की पुन्हा एए०६००११ येणार. बॉसबूट -एडी एचडिस्क० करून (बूट इमेज नव्याने लिहून) मग बूटलिस्ट नव्याने लिहा. आणि एचएमसीवर दोन्ही व्हीआयओएस व सगळ्या क्लायंटचं चालू कॉन्फिगरेशन प्रोफाइलमध्ये सेव्ह करा. तुमच्या बाकीच्या एलपारमध्येही डीएलपारने जोडलेले अडॅप्टर असणार, ते अजून उघडे पडलेले नाहीत इतकंच.