मदत हवी आहे: लोकल चॅनल अ‍ॅनालॉगवरून डिजिटलवर नेतोय, पण सेट टॉप बॉक्स दाद देत नाही

नमस्कार मंडळी. मी स्वतः केबलवाला नाही, केबलवाल्याचा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमावाला पुतण्या आहे. तासगावात काकांची छोटी केबल आहे. सिग्नल एमएसओकडून (म्हणजे आमच्यासारख्या छोट्या केबलवाल्यांना चॅनल पुरवणारी मोठी केबल कंपनी) फायबरने येतो आणि नोडपासून पुढे कोअ‍ॅक्स वायरने घरोघरी जातो. त्यात काकांचं स्वतःचं म्हणावं असं एकच, लोकल चॅनल. त्यावर बेदाण्याच्या सौद्याचे भाव, निधनवार्ता, शाळांची गॅदरिंग आणि वर्षातून एकदा ऋषिपंचमीचा रथोत्सव. त्या दिवशी ज्यांना गर्दीत जाणं जमत नाही ती सगळी म्हातारी माणसं टीव्हीसमोर बसलेली असतात.

केबल डिजिटल झाली (आमच्यासारख्या गावांची मूळ मुदत ३० सप्टेंबर २०१४ होती, लांबत लांबत २०१७ उजाडलं) तेव्हा काकांनी जुना पाल मॉड्युलेटर काढलाच नाही. पाल म्हणजे प्रक्षेपणातली, भिंतीवरची नव्हे. एक मोकळी फ्रिक्वेन्सी धरून लोकल चॅनल अ‍ॅनालॉगवरच चालू ठेवला. बघायचा असेल तर बॉक्सची वायर काढून थेट टीव्हीला लावायची. इतकी वर्षं लोकांनी ते केलं. आता कुणी टीव्हीच्या मागे हात घालत नाही, आणि नव्या भल्यामोठ्या टीव्हीवर ते चित्र धुक्यातल्या घाटासारखं दिसतं.

म्हणून यंदा डिजिटल करायचं ठरवलं. एका दुकानदाराने ‘डिजिटल मॉड्युलेटर’ म्हणून जे गळ्यात मारलं ते निघालं डीव्हीबी-टीचं, म्हणजे हवेतून प्रक्षेपण करायचं. केबलच्या बॉक्सना लागतं डीव्हीबी-सी. चूक माझीच, खोक्यावरचं वाचलं नाही. ते परत करून एचडीएमआय इनपुटचा डीव्हीबी-सी एन्कोडर मॉड्युलेटर आणलाय. ६४ क्वाम, सिम्बॉल रेट ६८७५, बँडविड्थ ८ मेगाहर्ट्झ, हे सगळं सेटिंग एमएसओच्या इतर कॅरिअरसारखंच (चॅनल वाहून नेणाऱ्या फ्रिक्वेन्सींसारखंच) ठेवलंय.

गंमत अशी की वायर थेट स्मार्ट टीव्हीला लावून केबल स्कॅन केलं की चित्र काचेसारखं स्वच्छ येतं. बॉक्सवर मात्र काहीच नाही, मॅन्युअल सर्चचा मेनूच बंद आहे. मला वाटलं सिग्नल कमी पडतोय. काकांच्या जुन्या मीटरवर माझा कॅरिअर पूर्वीच्या अ‍ॅनालॉगपेक्षा बराच खाली दिसत होता, म्हणून लेव्हल चढवत गेलो. अर्ध्या तासात फोन सुरू झाले. गल्लीतल्या लोकांच्या मालिकांचे चौकोन चौकोन व्हायला लागले. काकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

बॉक्सने हा चॅनल धरावा म्हणून काय करू? आणि लेव्हल नेमकी किती ठेवायची? रथोत्सवाला तीन आठवडे आहेत.

हेडएंडवरचा म्हातारा
आधी लेव्हल खाली आणा, मग बाकीचं बोलू. तुमच्या काकांचा मीटर अ‍ॅनालॉगच्या पिक्चर कॅरिअरचं टोक मोजतो. डिजिटलमध्ये असं टोक नसतं, ताकद पूर्ण ८ मेगाहर्ट्झमध्ये पसरलेली असते. म्हणून तो मीटर कमीच दाखवणार आणि तुम्ही पिळत बसणार. पिळलं की अ‍ॅम्प्लिफायर ओव्हरलोड होऊन शेजारच्या कॅरिअरमध्ये घाण पडते. अ‍ॅनालॉगमध्ये नुसत्या मुंग्या आल्या असत्या, इथे थेट चौकोन. अ‍ॅनालॉगसाठी जी लेव्हल लावायचात त्यापेक्षा सहा ते दहा डीबी खाली, आणि एमएसओच्या बाकी कॅरिअरच्या रांगेत ठेवा. एमईआर, म्हणजे डिजिटल सिग्नल किती स्वच्छ आहे ते, दाखवणारा डिजिटल मीटर एखाद्या दिवसासाठी मागून आणा.

बॉक्सचं दुखणं वेगळंच आहे. तो टीव्हीसारखा आंधळेपणाने सगळी वायर शोधत नाही. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जातो, तिथला एनआयटी नावाचा तक्ता वाचतो आणि त्यात लिहिलेल्या फ्रिक्वेन्सींवरच फिरतो. तुमचं नाव त्या तक्त्यात नाही, म्हणजे बॉक्सच्या लेखी तुम्ही अस्तित्वातच नाही. तुमच्या एन्कोडरमध्ये काहीही बदललं तरी फरक पडणार नाही. एमएसओच्या हेडएंडवरच्या (जिथून सगळे चॅनल केबलवर सोडतात तिथल्या) माणसाला भेटा. तुमची फ्रिक्वेन्सी, ट्रान्सपोर्ट स्ट्रीम आयडी, सर्व्हिस आयडी आणि चॅनल नंबर तो त्याच्या तक्त्यात घालेल, तेच आकडे तुम्ही एन्कोडरमध्ये हुबेहूब भरायचे. त्याहून बरं म्हणजे तुमची फीड आयपीवरून त्याच्याकडे पाठवा, तो आपल्या मल्टिप्लेक्समध्ये, म्हणजे एकाच कॅरिअरवर बसवलेल्या अनेक चॅनलांच्या गठ्ठ्यात, टाकेल. तुमचा एक चॅनल एकटाच सगळा कॅरिअर अडवून बसलाय. ६४ क्वामवर ८ मेगाहर्ट्झमध्ये साधारण ३८ मेगाबिट बसतात, तुम्हाला त्यातले तीन-चार पुरतात.

भडंगप्रेमी
एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर लाइव्ह करा की राव.

धागाकर्ता
रथ निघाला की त्या गर्दीत मोबाइलची रेंज नावालाच उरते, फीड बाहेर पाठवायची कशी? आणि आमच्या आजीला यूट्यूब लावून देणारा नातू त्या वेळी रथाचा दोर ओढत असतो.

कागदवाला
एमएसओकडे जाताय तर कागदही बघून घ्या. अशा लोकल चॅनलला आता ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये माहिती व प्रसारण खात्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या आहेत. नोंदणी एमएसओने करायची, दर चॅनलला एकदाच १००० रुपये. स्क्रीनवर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ अशी पट्टी लागते आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचं ९० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवावं लागतं. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर कंपनी म्हणून नोंदणी हवी. भजन आणि रथाला ती अट नाही, पण बेदाण्याचे भाव बातमीत मोडतात का ते एमएसओला विचारून घ्या. आम्ही एकदा याच मुद्द्यावर अडकलो होतो.

धागाकर्ता
उशिरा लिहितोय, माफ करा. लेव्हल खाली आणली, त्याच संध्याकाळी फोन थांबले. हेडएंडवरचा माणूस चांगला निघाला. कागद त्यांच्याकडूनच जातोय, आणि तोवर टेस्टिंगसाठी त्याने आकडे लिहून दिले. ते भरले, बॉक्स बंद करून चालू केला आणि चॅनल आला! काकूने स्वयंपाकघरातून हाक मारली तेव्हा मी छतावर होतो. फक्त चित्र येतंय, आवाज नाही. टीव्हीला थेट लावलं तर आवाजही येतो.

हेडएंडवरचा म्हातारा
एन्कोडरमध्ये ऑडिओ एएसी असेल. जुन्या बॉक्सना ते कळत नाही. एमपेग-१ लेअर-२ करा.

धागाकर्ता
केलं, आला आवाज. आता काकूचं म्हणणं, भजनीबुवांचे ओठ आधी हलतात आणि अभंग मागून येतो. ते उद्या बघतो.