'द अपार्टमेंट' पुन्हा पाहिला आणि हसूच आलं नाही

जुनी_फाईल
१९८४ साली फिल्म सोसायटीत बिली वाइल्डरचा 'द अपार्टमेंट' (१९६०) पाहिला होता. तेव्हा मी विमा कंपनीत नुकतीच चिकटले होते, रेकॉर्ड सेक्शनला. जॅक लेमन टेनिसच्या रॅकेटवर स्पॅगेटी निथळतो तेव्हा अख्खी रांग हसली होती, सगळ्यात मोठ्याने मी.

परवा मुलाबरोबर परत पाहिला. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कच्या विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर. आठवड्याला हातात ९४ डॉलर ७० सेंट. बढतीच्या आशेने आपल्या फ्लॅटची चावी साहेबलोकांना देतो, त्यांना लफड्यातल्या बायका आणायला. स्वतः बाहेर थंडीत कुडकुडतो. आणि जिच्यावर याचा जीव, ती लिफ्टवाली मिस क्युबेलिक (शर्ली मॅक्लेन) मोठ्या साहेबाबरोबर त्याच फ्लॅटवर येत असते.

अडले कुठे, तर तो तिला कौतुकाने सांगतो की तुझं विम्याचं कार्ड मी काढून पाहिलंय. उंची, वजन, गालगुंड, गोवर, अपेंडिक्सचं ऑपरेशन, सगळं पाठ! मुलगा म्हणाला, "आई, हा माणूस डेंजर आहे." मी चौतीस वर्षं लोकांची डॉकेटं, म्हणजे पॉलिसीच्या फायली, सांभाळली. कोणी असं एखादीचं डॉकेट उघडून बसला असता तर मी त्याला सेक्शनमध्ये उभा केला नसता. मग ८४ साली हसले कशाला?

पिक्चर जुना झाला की मी? आणि दुसरं, ते ऑफिस एवढं लांबच लांब कसं काय दाखवलंय? टेबलं संपतच नाहीत.

प्रोजेक्टर_रूम
दुसऱ्याचं उत्तर सोपं. सेट अलेक्झांद्र ट्राउनेरचा. पुढे नेहमीची टेबलं नि नेहमीची माणसं. मागे जाल तशी टेबलं लहान, माणसं बुटकी, शेवटी तर लहान मुलं बसवलेली. डोळा फसतो. ट्राउनेरला त्यासाठी ऑस्कर मिळालं. पिक्चरला एकूण पाच, त्यातली तीन एकट्या वाइल्डरची: निर्मिती, दिग्दर्शन आणि आय. ए. एल. डायमंडबरोबरची पटकथा.

तिसरी_घंटा
ताई, पिक्चर तुमच्याच बाजूने आहे हो. ती लगेच काय म्हणते आठवा: अपेंडिक्सचं ऑफिसात बोलू नकोस, तुला कसं कळलं याचा लोक भलताच अर्थ काढतील. म्हणजे लेखकाला ते खुपलंय.

बॅक्स्टर भला नाहीच. तडा गेलेला छोटा आरसा फ्लॅटवर सापडतो, तो गुमान साहेबाला परत देतो. ख्रिसमस पार्टीत त्याची नवी हॅट कशी दिसते बघायला मिस क्युबेलिक त्याच्या हातात तोच आरसा देते. तडा गेलाय म्हटल्यावर सांगते, असू दे, मला आतून वाटतं तशीच मी त्यात दिसते. त्याचा चेहरा बघा तेव्हा. त्याच रात्री ती त्याच्या घरात झोपेच्या गोळ्या घेते, आणि तरीही हा साहेबालाच सांभाळून घेतो. कणा येतो तो थेट शेवटी. साहेब चावी मागतो आणि हा टेबलावर ठेवतो ती साहेबलोकांच्या खास टॉयलेटची! ८४ साली आपण विशीत होतो, आपल्याला रॅकेट दिसली.

(साहेब झालेला फ्रेड मॅकमरे त्याआधीच्याच वर्षी डिस्नेच्या कुत्र्याच्या पिक्चरमध्ये गुणी बाप होता. मूळ ठरलेला पॉल डग्लस शूटिंगआधी वारला, म्हणून हा आला. केवढी लॉटरी.)

खिडकीतली_सीट
शेजारचा डॉक्टर बॅक्स्टरला झापतो, "बी अ मेन्श." यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला शब्द. इंग्रजीत बिचाऱ्यांना समजावून सांगावा लागतो, आपल्याकडे सरळ आहे: माणूस हो. १९३३ साली हिटलर आल्यावर वाइल्डर बर्लिन सोडून पळाला, आई मागेच राहिली आणि नाझींच्या हातून गेली. त्याच्या विनोदाला कडू चव असते ती उगाच नाही.

प्रोजेक्टर_रूम
जुनी_फाईल ताई, तुम्ही आता 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) बघाच. पुन्हा वाइल्डर, पुन्हा मॅकमरे, पुन्हा विमा. आणि हसायचंच असेल तर 'द फॉर्च्युन कुकी' (१९६६). त्यात लेमन खोटा लुळा पडून विमा कंपनीला गंडवायला निघतो. वॉल्टर मॅथाऊ वकील, त्याला ऑस्कर मिळालं.

जुनी_फाईल
तिसरी_घंटा, चावीचं मान्य. डॉकेटचं नाही. ती सांभाळून घेते म्हणून त्याचं बरोबर होत नाही.

'डबल इन्डेम्निटी' काल रात्री संपवला. अपघाताने मेला तर दुप्पट रक्कम, हे आमचं डबल ॲक्सिडेंट बेनिफिटच की! खुनी जोडी राहिली बाजूला, मी क्लेमवाल्या कीजवर (एडवर्ड जी. रॉबिन्सन) खूश. खोटा क्लेम आला की त्याच्या छातीत बसलेला छोटा माणूस त्याला जेवू देत नाही. आमच्या क्लेमच्या साहेबांचं डिट्टो असंच. फक्त ते त्याला ॲसिडिटी म्हणायचे.