लँकेस्टर बॉम्बरमधली विशीतली पोरं रोज रात्री पुन्हा कशी जायची?

मंद्या७७:
गेल्या महिन्यात भावाकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा हेंडनचं आरएएफ म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं म्युझियम बघितलं. तिथं दुसऱ्या महायुद्धातलं खरं लँकेस्टर, म्हणजे ब्रिटिशांचं बॉम्बफेकी विमान, उभं आहे, नाकाजवळ एकेका मोहिमेचा एकेक बारका बॉम्ब रंगवलाय, १३७ मोहिमा, आणि खाली जर्मन हवाई दलप्रमुख गोअरिंगची बढाई की शत्रूचं एकही विमान जर्मनीवरून उडणार नाही. खवचट पोरं! पण आत माणूस बसणार तरी कुठे असं वाटलं. माझा भाचा २१ चा आहे, त्याला उठवायला तीन हाका माराव्या लागतात. त्याच वयाची ही पोरं रोज रात्री कशी जायची? सक्ती होती का?

इतिहासखोर:
सक्ती नव्हती, बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, सगळे विमानकर्मी स्वतःहून आलेले. सव्वा लाखातले ५५,५७३ मेले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. ३० मोहिमा झाल्या की सुट्टी, पण तिथवर पोचणारे कमी. आणि 'रोज रात्री' नाही बरं का, हवा बिघडली की ऐनवेळी रद्द, दिवसभर पोटात गोळा घेऊन बसायचं, संध्याकाळी कळायचं की आज नाही, मग पबमध्ये जायचं आणि उद्या परत तेच. विमानात बसल्यावर निदान हाताला काम तरी असायचं. नाही म्हणणाऱ्याच्या कागदावर 'लॅक ऑफ मॉरल फायबर' असा शिक्का, म्हणजे भेकड, आणि पुढे हलकी कामं. मला वाटतं त्या शिक्क्याच्या लाजेनं किती जण गेले असतील देव जाणे.

वर्षा_पुणे:
मला शेपटीतल्या गनरचं सगळ्यात वाईट वाटतं. बाकीचे सहा पुढे, हा एकटा मागे काचेच्या डब्यात, सात-आठ तास अंधारात डोळे फाडून बघत. उणे ४० च्या आसपास थंडी, वायरीचा गरम सूट, तो बंद पडला की बोटं गेलीच. त्यात काहीजण नीट दिसावं म्हणून समोरची काच काढून टाकायचे, म्हणजे वारा थेट तोंडावर! आणि पॅराशूट? ते आत बसायचंच नाही, मागे दाराबाहेर लटकवलेलं, विमान पेटलं तर आधी दार उघडून ते काढायचं, अंगाला अडकवायचं, मग उडी. आता जमेल का सांगा.

इतिहासखोर:
टीम कशी बनायची ते ऐका. ट्रेनिंगला पोरांना एका हँगरमध्ये सोडायचे आणि सांगायचे, बघा तुमचं तुम्ही, जोड्या लावा. कोणी कोणाला ओळखत नाही, "तुला नॅव्हिगेटर (विमानाचा मार्ग काढणारा) हवाय का रे?" एवढ्यावर आयुष्य ठरायचं. मग ते सात जण घरच्यासारखे व्हायचे. रेशनिंगच्या काळात उडायच्या आधी आणि परत आल्यावर खरं अंडं मिळायचं, तेव्हा शेजारच्याला म्हणायचे, तू आला नाहीस तर तुझं अंडं मी खाऊ का. आपला मराठी माणूसही होता त्यात, शैलेंद्र सुखटणकर, लँकेस्टरमध्ये नॅव्हिगेटर.

सडेतोड_सातारकर:
सगळं खरं, पण खाली कोण होतं तेही लिहा की. जुलै १९४३ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला ह्याच बॉम्बफेकीनं आगीचं वादळ झालं, हजारो माणसं तळघरात गुदमरून मेली, बायका-पोरं. बॉम्ब पडल्यावर फोटो निघेपर्यंत विमान सरळ ठेवायचं, म्हणजे हल्ला नीट झाला का बघायला. ती पोरं शूर होती, मान्य, पण नुसतं शूर म्हणून विषय संपवू नका.

मंद्या७७:
संपवत नाहीये दादा. मार्च १९४४ च्या न्यूरेंबर्ग शहरावरच्या हल्ल्याचं वाचलं आत्ता, ७९५ विमानं गेली, ९५ परत आलीच नाहीत, एका रात्रीत. सकाळी मेसमध्ये किती अंडी उरली असतील...