घरशाळा: साडेसात वर्षांच्या लेकीसाठी काय घ्यावं?

सातारची_आई
नमस्कार. लेक साडेसात वर्षांची, जूनपासून घरीच शिकतेय. वाचन झकास, पण गणित आलं की रडू. ४७ सांगितलं तर ७४ लिहिते, रोज. मी आवाज चढवला की पेन्सिल खाली ठेवून नखं बघत बसते. ते मला बघवत नाही.

सुरुवातीला धास्तीपोटी एका कंपनीचा वर्षभराचा संच मागवला, १४ हजार गेले. नुसते वर्कशीटचे गठ्ठे, तेही इंग्रजीत. परत घ्यायला ते तयार नाहीत. आता पुन्हा एवढे पैसे घालणं शक्य नाही. कोणता अभ्यासक्रम धरू? आणि पुढे परीक्षेचं काय?

निवृत्त_गुरुजी
ताई, पोरगी ऐकते तसंच लिहिते. सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी बोलतो, चाळीस मागाहून. तिनं सात आधी मांडला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं ते अशाच अडचणीसाठी. केवढा गदारोळ झाला तेव्हा! मला स्वतःला जुनी संख्यानामं प्रिय आहेत, ती सोडू नका. पण सोबत 'चाळीस सात'ही म्हणू द्या.

गणितमाळ घरी करा. जाड दोरा, १०० मणी: दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल. "सत्तेचाळीस कुठं?" विचारलं की तिनं चार रंग ओलांडायचे, पाचव्यातले सात मोजायचे आणि तिथं कपड्याचा चिमटा लावायचा. पंधरा दिवस वही उघडू नका. मी पहिली-दुसरीला आयुष्य घातलंय, वहीची घाई केली की पोरं गणिताला कायमची भितात.

घरशाळेतला_बाबा
आमचा मुलगा दहाचा, तीन वर्षं घरीच. अभ्यासक्रम विकत घेऊ नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, तोच कणा धरा. परीक्षेसाठी एनआयओएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळाचं, मुक्त मूलभूत शिक्षण आहे: अ, ब, क स्तर म्हणजे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे. तिथूनच पुढे दहावीही देता येते, त्यासाठी १४ वर्षं पूर्ण लागतात. आत्ता त्याची काळजी नको.

हातानं करायला, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ बघा, मराठीतही भरपूर आहे. आमच्याकडे सगळ्यात चाललं ते काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी. काड्यांचं गूल आधी खरवडून टाका. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, दोन्ही टोकांनी काड्या खुपसायच्या. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. मुलगा तसाच उठून गच्चीवर गेला, शेजारच्या पत्र्याच्या शेडच्या छताला आधार देणाऱ्या कैच्या बघायला. तिथंही त्रिकोणच!

सातारची_आई
गुरुजी, माळ केली. लाल मणी कमी पडले, मग दोन दशकं तुळशीच्या जुन्या माळेच्या मण्यांची झाली. खिडकीच्या गजाला बांधलीय. लेक येता-जाता चिमटा सरकवते. काल आजीचं वय लावलं, अडुसष्ट. "साठ आठ," असं पुटपुटत सहा रंग ओलांडले, मग आठ मणी. मी काही बोलले नाही.

वही अजून काढलेली नाही. बाबा, व्हॉल्व्ह ट्यूब सायकलवाल्याकडे सुटी मिळते का? किती लागेल?

घरशाळेतला_बाबा
हो, सुटी मिळते. दोन मीटर घ्या, पुष्कळ होते.