कोपऱ्यावर गाडी काढताना काहीच दिसत नाही, आरसा लावून भागेल का?

वैतागलेली_वळणावर:
नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या सोसायटीचा आतला रस्ता पुढे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे सिग्नल नाही. डाव्या कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्यांचा छोटा हत्ती टेम्पो कायम अगदी टोकाला लावलेला असतो, उजवीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, तोही बरोबर डोळ्यासमोर येईल एवढ्याच उंचीवर, आणि संध्याकाळी तिथेच पाणीपुरीची गाडी. त्यामुळे गाडीचं नाक रस्त्यात काढल्याशिवाय उजवीकडून कोण येतंय ते कळतच नाही, आणि नाक काढलं की येणारा बाईकवाला आपल्यालाच शिव्या देतो. सोसायटीत आता दोन तट पडलेत, एकांना गोल आरसा हवाय, दुसऱ्यांना स्पीडब्रेकर. टेम्पोवाल्याला सांगितलं तर म्हणतो इथे नो पार्किंगचा बोर्ड कुठाय दाखवा. खरंच बोर्ड लागतो का?

निवृत्त_ओव्हरसियर:
ताई, बोर्ड नसला तरी कोपऱ्यावर गाडी लावता येत नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमात चौकाच्या किंवा जंक्शनच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत पार्किंग करू नये असं आहे. आता ५० मीटर म्हणजे आपल्याकडे अर्धी गल्लीच झाली, ते कोण पाळणार, म्हणून मग १० मीटरही कुणी पाळत नाही. माझ्या मते तुम्ही ८-१० मीटर मोकळे करून घ्या, गल्लीतून निघणाऱ्याला तेवढ्यानेही खूप फरक पडतो.
का ते सांगतो. ताशी ३० ने येणाऱ्या गाडीला दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण ३० मीटर धरतात, ४० ने असेल तर ४५, ५० ला ६०. इंडियन रोड्स काँग्रेसचे, म्हणजे रस्ते कसे असावेत याचे मानक ठरवणाऱ्या संस्थेचे आकडे आहेत हे, आणि त्यात माणसाला ब्रेकवर पाय ठेवायला लागणारे अडीच सेकंद आलेच. आता तुम्ही गाडीत बसता बोनेटच्या टोकापासून सहा-सात फूट मागे, म्हणजे तुमचे डोळे टेम्पोच्या पुढे येईपर्यंत गाडी रस्त्यात घुसलेली असते. ड्रायव्हरची चूक नाहीये यात, कोपराच तसा आहे.
आरसा लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. त्यात गाडी आहे त्यापेक्षा दूर आणि लहान दिसते, वेगाचा अंदाज येत नाही, रात्री हेडलाइट चमकतो. चार महिन्यांत धुळीने काळा होतो तो वेगळाच.

पेठेतला_पक्या:
काका नियम बरोबर आहे हो पण टेम्पो उठला की तिथे पाच मिनिटांत दुसरा येणार, नाहीतर रिक्षा स्टँड होणार. आमच्याकडे पिवळे पट्टे मारले होते, लोकांना वाटलं आखून दिलेलं पार्किंगच आहे, छान पट्ट्यात लावायला लागले 😂 आणि फ्लेक्स काढायला कोण जाणार, वाढदिवस कुणाचा आहे ते आधी बघावं लागतं.

जर्सीवाली_मावशी:
पक्याचं खरं आहे, नुसत्या रंगाने काही होत नाही. आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो, इथे क्रॉसिंगपासून २५ फुटांत गाडी लावायची नाही असा राज्याचा कायदाच आहे, तरी लोक लावायचेच. शेजारच्या होबोकेन गावाने मग त्या जागेत प्लास्टिकचे लवचिक खांब उभे केले, कुठे सायकल स्टँड, कुठे पावसाचं पाणी मुरवणारे झाडांचे वाफे. म्हणजे जागा कशाने तरी भरली पण ठेंगण्या गोष्टींनी, त्यांच्यावरून पलीकडचं दिसतं. तिथे जानेवारी २०१७ नंतर कितीतरी वर्षं रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. अर्थात वेगमर्यादाही ताशी २० मैलांवर आणली आणि बाकीही बरंच केलं, सगळं श्रेय खांबांना नको. गावही चिमुकलं, पुण्याशी तुलना नाही. पण एका कोपऱ्याला काय हरकत आहे?

पेठेतला_पक्या:
मावशी मग आपल्याकडे सायकलच्या जागी टू-व्हीलर पार्किंग करा की, स्कूटरवरून दिसतं पलीकडचं.

निवृत्त_ओव्हरसियर:
दिसतं, पण मागे डिलिव्हरीची मोठी पेटी असली की संपलं. आणि चालणाऱ्याने जायचं कुठून? फुटपाथला लागून एकच रांग, तीही खांबांच्या आत, एवढं चालेल फार तर.

वैतागलेली_वळणावर:
थँक्यू सगळ्यांना, खांबांची आयडिया मीटिंगमध्ये मांडते. पण अर्ज कुणाकडे करायचा, पोलीस म्हणतात पालिका आणि पालिका म्हणते पोलीस. आणि आमच्याच गेटपाशी मेंदीचं कुंपण माणसाएवढं वाढलंय, त्याला कुणाची परवानगी लागते का?

निवृत्त_ओव्हरसियर:
दोघांकडे एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकावर दुसऱ्याची प्रत जोडा. नो पार्किंगचा आदेश वाहतूक शाखा काढते, खांब आणि पट्टे पालिकेचा पथ विभाग करतो, फ्लेक्स आणि हातगाडी अतिक्रमणवाल्यांकडे. सोबत फोटो द्या, ड्रायव्हरच्या सीटवर बसून काढलेला, बाहेर उभं राहून नको, उभ्या माणसाला टेम्पोच्या कडेने वाकून सगळं दिसतं. पाणीपुरीवाल्याला हाकलू नका, दहा-पंधरा पावलं आत सरकवा, गिऱ्हाईक तिथेही येईल. मेंदी तुमच्याच हद्दीत आहे, झुडूप आहे, माळ्याला सांगून कमरेएवढी छाटा. झाडाची फांदी असती तर उद्यान विभागाला विचारावं लागलं असतं. हे काम मीटिंगच्या आधीच उरकून टाका, नाहीतर टेम्पोवाला पहिलं तेच दाखवेल.