दुपारची जादा वीज बिटकॉइन मायनिंगला द्यावी का?

सड्यावरचा: दुपारी सौर वीज इतकी येते की बाजारात तिचा भाव पडतो. राजस्थानात लाइन अपुऱ्या पडतात म्हणून प्रकल्पांची वीज घेतलीच जात नाही. महावितरणही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उद्योगांना सवलत देतं. टेक्सासमध्ये बिटकॉइन मायनिंगवाले, म्हणजे संगणकांवर सतत आकडेमोड करून बिटकॉइन हे डिजिटल चलन मिळवणारे, विजेची मागणी वाढली की मशीन बंद करतात. मग आपल्या कोकणातल्या कातळसड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, सोलर लावून शेजारी कंटेनरमध्ये मशीनं ठेवली तर? मोठी लाइन नको, इंटरनेट पुरे. नाहीतरी सडे पडूनच आहेत.

मालवणी_मेलो: खयची जादा वीज रे? आमच्याकडे वारो इलो की माडाचो झाप तारेर पडता आणि रातभर काळोख. आधी ती तार सांभाळा.

देवरुखकर: आणि सडे पडून आहेत हे कुणी सांगितलं? गुरं तिथेच चरतात, पावसाळ्यात फुलं तिथेच येतात. कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पॅनलचा खांब नेमका कुठे ठोकणार?

जमाखर्च: हिशोब करू. एक मशीन साधारण साडेतीन किलोवॅट खातं. एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक ब्लॉकमागचं (व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागचं) बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. दर थोड्या वर्षांनी ते निम्मं होतं आणि तोवर नवी मशीनं जुन्यांना मागे टाकतात. अशी वस्तू दिवसाचे पाच-सहा तासच चालवलीत तर वीज फुकट मिळूनही भांडवल वसूल होत नाही. मग मालक रात्रीही चालवणार, म्हणजे जयगडच्या कोळशाच्या विजेवर. वर आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर, आणि त्यात मायनिंगचा खर्च वजा करता येत नाही. टेक्सासचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२३ मध्ये रायट या मायनिंग कंपनीला वीजवापर कमी केल्याबद्दल एकूण ३ कोटी १७ लाख डॉलरचे क्रेडिट मिळाले. मशीन बंद ठेवणं हाच तिथला धंदा!

सड्यावरचा: बरं, बिटकॉइन सोडा. एआयचं काम द्या त्या कंटेनरला.

बंदरकर: खाऱ्या हवेत? आमच्या बंदरावर एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जाळ्या बोटाने दाबल्या तरी भुगा होतो. कंटेनर बंद ठेवायचा तर आत थंडावा हवा, म्हणजे आणखी वीज. त्यापेक्षा बर्फाच्या कारखान्याला द्या ना. मिरकरवाडा, हर्णै, कुठेही विचारा, डिझेलनंतर बर्फाचाच खर्च. टाकीतलं खारं पाणी दुपारी थंड करून झाकून ठेवलं की त्यात बुडवलेल्या साध्या पाण्याच्या डब्यांतून रात्री लाद्या काढता येतात.

सड्यावरचा: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा बर्फ कोण घेणार? आणि वारा तर तेव्हाच सुसाट असतो, देवगडच्या पवनचक्क्या बघा.

बंदरकर: तेव्हा ऊनही नसतं, त्यामुळे सोलरचा प्रश्नच मिटला. वाऱ्याचं मान्य, पण दोन महिन्यांसाठी मशीनं विकत घेणारा मला दाखव.

पोफळीचा: कोयना विसरलात? १९६० मेगावॅट. दुपारी ऊन भरपूर असेल तर पाणी वर अडवून ठेवायचं, संध्याकाळी दिवे लागले की सोडायचं. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. मग ते पाणी दुपारी का उडवायचं? धरण म्हणजे आयती बॅटरी आहे राव.

सड्यावरचा: कोयनेचं पटलं. पण बंदरकर, फक्त दिवसा बर्फ करायचा तर कॉम्प्रेसर मोठा घ्यावा लागेल आणि तो रात्री रिकामा. जमाखर्चांनी मायनिंगला लावलेलं गणित तुम्हालाही लागू!

बंदरकर: लागू आहे, फरक एवढाच की कॉम्प्रेसर नीट राखला तर वीस वर्षं जातो आणि बर्फाचं बक्षीस कुणी निम्मं करत नाही. कर्जाचं मात्र खरं. बँकवाला आधी विचारतो, टाकी वाढवायला जागा आहे का, आणि बंदरावर तीच नाही.