वाटणीवरून दुरावलेले भाऊ आणि अंतःकरणातली मूर्ती: मध्यस्थाने सुरुवात कुठून करावी?

संगतीचालक (प्रश्न)
आमच्या ख्रिस्ती मंडळीतले दोन सख्खे भाऊ वडिलांच्या घरावरून एकमेकांशी बोलत नाहीत. वडील मृत्युपत्र न करता प्रभूत निजले. आई धाकट्याकडे असते, एक बहीण आहे ती सासरी. थोरला म्हणतो हप्ते मी फेडले, धाकटा म्हणतो आजारपण मी काढलं. प्रभुभोजनाला दोघंही येतात, एक पुढच्या बाकावर, दुसरा दाराशी. पाळकसाहेबांनी दोघांना बसवून प्रार्थना केली, हात मिळवायला लावले. आठवड्यात पुन्हा तेच. आता मध्यस्थी माझ्याकडे आहे. भांडणाचं मूळ आतल्या वासनांत आहे असं बायबलमधलं याकोब 4:1 म्हणतं. ते मूळ प्रत्यक्षात शोधायचं कसं?

जैतूनवृक्ष
समेट आधी आणि शोध नंतर असा क्रम झाला, म्हणून तो टिकला नाही. आता पहिल्या दोन-तीन भेटी वेगवेगळ्या घ्या. दोघांनाही लूक 12:13-21 वाचायला द्या. तिथे एक जण येशूला सांगतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू वाटणी करायला नकार देतो आणि लोभापासून जपा म्हणतो. मागणी खोटी होती असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. न्याय्य हक्काचीही मूर्ती होऊ शकते, म्हणजे मनात तो देवाची जागा घेऊ शकतो, हे त्यांच्या लक्षात आलं पाहिजे.

मग प्रत्येकाला एका कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगा: मागच्या भांडणात मी काय बोललो, त्या क्षणी मला काय हवं होतं, ते न मिळाल्यावर मी समोरच्याला काय शिक्षा दिली. अबोला, टोमणे, नातवंडांना आजीकडे न पाठवणं, हे सगळं शिक्षेतच धरा. मूर्ती बहुतेक वेळा तिसऱ्या उत्तरात सापडते, कारण ज्यासाठी माणूस शिक्षा करायला तयार होतो त्याचीच तो मनातून सेवा करत असतो. त्यानंतर एक प्रश्न विचारा: उद्या पूर्ण वाटा मिळाला, तरी काय सलत राहील? थोरला बहुधा म्हणेल, ‘मी केलं ते कुणी मानलंच नाही.’ म्हणजे घर हे निमित्त, खरी पकड मोठेपणाच्या मानाची. धाकट्याच्या बाबतीत ती सुरक्षिततेची असू शकते. पण हे तुम्ही सांगू नका, त्यांच्याच तोंडून येऊ द्या. दुसऱ्याची मूर्ती दाखवायला गेलं की मत्तय 7 मधलं कुसळ-मुसळ सुरू होतं.

दप्तरी
अध्यात्माच्या बरोबरीने कागदही बघा. दोघं ‘अर्धं-अर्धं’ धरून भांडत असतील तर पायाच चुकतोय. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो (गोव्यातली नागरी संहिता वेगळी). घर वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल तर आईला 1/3, उरलेल्या 2/3 मध्ये तिन्ही मुलं समान, म्हणजे प्रत्येकी 2/9. बहिणीचा वाटा भावांइतकाच. तिला कुणी विचारलंय का? दोघं भाऊ न्यायाच्या गोष्टी करतात आणि आई-बहीण हिशेबातच नाहीत, हे त्यांना शांतपणे दाखवा. लोभ आपल्याला दिसत नाही, तो असा आकड्यांत दिसतो. हप्त्यांचे बँकेचे उतारे आणि औषधोपचाराचा खर्च वेगवेगळा मांडा. बहिणीने स्वखुशीने वाटा सोडला तरच हक्कसोडपत्र करा, तेही नोंदणीकृत. राखीच्या ताटापुढे सही घेऊ नका. मसुदा वकिलाकडून तपासून घ्या.

संगतीचालक
थोरल्याने कागद लिहिला. मानाचं त्याने स्वतःहून कबूल केलं. पण आता म्हणतो, ‘आधी त्याने यावं.’

नवा_द्राक्षारस
त्याला मत्तय 5:23-24 आणि 18:15 शेजारी-शेजारी वाचायला लावा. पहिल्या ठिकाणी भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, दुसऱ्या ठिकाणी भावानेच तुझा अपराध केलाय. दोन्हीकडे आज्ञा एकच: तू जा.

मात्र लगेच पाठवू नका. आधी कबुली देवापुढे, स्तोत्र 51 घेऊन, कारण मानाला त्याने देवाची जागा दिली हे पाप पहिल्यांदा देवाविरुद्ध आहे. नुसतं ‘मान सोड’ म्हणून मान सुटत नाही, रिकाम्या जागी दुसरी मूर्ती येऊन बसते आणि बऱ्याचदा ती ‘मी किती नम्र’ हीच असते. त्या जागी 1 पेत्र 1:4 मधलं अविनाशी वतन आणि रोम 8:17, ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारीस, हे त्याच्या मनात उतरू द्या. ख्रिस्तात ज्याला आधीच मुलगा म्हणून स्वीकारलंय, त्याला भावाकडून पावती लागत नाही. आठवडाभर रोज हेच वचन घेऊन प्रार्थना करू द्या.

मग भावाकडे जाताना कबुली नेमकी असावी: ‘आईसमोर मी तुला फुकट्या म्हणालो. ते पाप होतं. मला क्षमा कर.’ त्यात ‘पण’ नको, ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ नको. हप्त्यांचा विषय त्या भेटीत काढायचाच नाही, त्याची बैठक वेगळी. लूक 19 मधल्या जकातदार जक्कयाने अन्यायाने घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली होती. इथेही कुणी घरभाडं परस्पर ठेवलं असेल तर ते आईच्या हाती जायला हवं.

धाकट्याने तोंड फिरवलं तर रोम 12:18 आहे, ‘तुमच्याकडून होईल तितके’. त्याच्या उत्तराची जबाबदारी थोरल्यावर नाही. आणि धमकी, मारहाण असं काही निघालं तर दोघांना एकट्याने भेटू देऊ नका. तिथे मध्यस्थीआधी पोलीस, 112.